लेंटमध्ये समेट कसा करावा : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांच्या उपासाचा काळ, लागला की आमच्या मंडळीत दरवर्षी दोन-चार नवे चेहरे दिसतात. कोणी लग्न होऊन नागपुरात आलेली असते, कोणाला मिहानमध्ये नोकरी लागलेली असते, कोणी लहानपणी आईचं बोट धरून चर्चमध्ये यायचं आणि मधली वीस वर्षं फिरकलंच नाही. उपासना सुटली की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : उपवास कसा करायचा, काय खायचं नाही? हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण एका वर्षी एका नव्या सुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काकू, मटण सोडीन मी चाळीस दिवस. पण सासूबाईंशी सात महिने झाले बोलत नाही. त्याचं काय करू?"

त्या दिवशी मला तिला नीट सांगता आलं नाही. तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे. माझं माहेर कॅथलिक, सासर प्रोटेस्टंट. दोन्हीकडच्या रीती मी घरातूनच पाहिल्या आहेत, म्हणून दोन्हींबद्दल लिहीन.

आधी तारखा

राखेच्या बुधवारी लेंट सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत चालतो. मोजले तर हे ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार वगळले की चाळीस. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, म्हणून दरवर्षी हलते. २०२६ मध्ये राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ मध्ये १० फेब्रुवारी आणि २८ मार्च. कॅथलिकांमध्ये राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे सक्तीच्या उपासाचे दिवस, १८ ते ५९ वयाच्यांसाठी. लेंटच्या शुक्रवारी मांस नाही. म्हणजे नागपूरच्या माणसानं शुक्रवारी सावजीचा रस्सा विसरायचा. प्रोटेस्टंटांमध्ये असा लेखी नियम नाही, ज्यानं त्यानं प्रार्थनेत ठरवायचं. आजारी माणूस, गरोदर बाई, उन्हात काम करणारा, यांनी अट्टहास करू नये.

चर्च कुठलं, असं नवखे विचारतात. सदरमध्ये ऑल सेंट्स कॅथेड्रल आहे, ते चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचं. त्याच भागात सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल, ते कॅथलिकांचं. मराठी उपासना कुठे आणि किती वाजता, हे फाटकाजवळच्या फलकावर पाहून घ्या.

उपासाचं एवढंच. आता त्या सुनेचा प्रश्न.

पहिला आठवडा : वही

प्रभूची प्रार्थना आपल्याला पाठ असते, म्हणून तिच्यातला एक शब्द आपण ऐकतच नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात मराठीत आहे : "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ऋण. पाप, अपराध असे शब्द हाताशी असताना इथे ऋण आहे, आणि मला वाटतं क्षमेचं सगळं काम या एका शब्दातून शिकता येतं. ऋण सोडायचं तर आधी ते किती आहे हे ठाऊक हवं. किराणा दुकानदार उधारी माफ करतो तेव्हा वही उघडतो, बोट ठेवून वाचतो, मग पानावर आडवी रेघ मारतो. "जाऊ दे, झालं ते झालं" म्हणणाऱ्यानं वही उघडलेलीच नसते. त्याची उधारी आत वाढत राहते आणि चार वर्षांनी एखाद्या लग्नाच्या पंगतीत व्याजासकट बाहेर पडते.

तेव्हा राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घरी आलात की एक साधी वही घ्या. डाव्या पानावर "येणं" लिहा, उजव्या पानावर "देणं". येणं म्हणजे ज्यांनी तुम्हाला दुखावलं, देणं म्हणजे ज्यांना तुम्ही दुखावलं. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

लिहिताना एक पथ्य पाळा : स्वभाव लिहू नका, घटना लिहा. "भाऊ स्वार्थी आहे" ही नोंद होत नाही, ती कोणालाच कधी सोडता येणार नाही. मी माझ्या वहीत लिहिलं होतं : आई ऑगस्टमध्ये तीन आठवडे दवाखान्यात होती, भाऊ दोनदा आला, दुसऱ्यांदा वीस मिनिटांत निघाला. हे ऋण आहे. याला आकार आहे, तारीख आहे. लिहून झाल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की मी चार वर्षं ज्याच्यावर चिडून होते ते इतकं आहे; याहून कमी नाही, जास्तही नाही.

डावं पान भराभर भरतं. उजवं कोरं राहतं. माझं दोन दिवस कोरंच होतं. तिसऱ्या रात्री आठवलं, किंवा खरं सांगायचं तर लिहिण्याइतकं धैर्य आलं. आईच्या मातीच्या दिवशी, कब्रस्तानाच्या फाटकाशी, मामा-मावश्या उभ्या असताना मी त्याला म्हणाले होते, "आता कशाला रडतोस, जिवंत होती तेव्हा वेळ नव्हता तुला." तो काही बोलला नाही. त्याची पोरगी त्याचा हात धरून उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं.

हे मी वहीत लिहायला घेतलं तेव्हा हातून काय उतरलं माहीत आहे? "त्या दिवशी जरा जास्त बोललं गेलं." बघा, आपली भाषा किती मायाळू आहे! बोललं गेलं, राहून गेलं, तुटलं, चुकलं. वाक्यातून माणूस अलगद निसटतो आणि चूक जणू आपोआप घडते. मी ते वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, "मी बोलले." तुम्हीही उजव्या पानावरचं प्रत्येक वाक्य तपासा. त्यात "मी" आहे का? "माझ्याकडून झालं" सुद्धा चालणार नाही. मी बोलले, मी गेलो नाही, मी पैसे परत केले नाहीत.

दुसरा आठवडा : देवासमोर आणि एका माणसासमोर

कॅथलिक असाल तर पापनिवेदन हा सरळ मार्ग आहे. बरीच वर्षं गेला नसाल तर भीती वाटते, त्याला इलाज म्हणजे तेच आधी सांगून टाकणं : "फादर, बारा वर्षांनी आलोय, कसं करायचं विसरलो." पुढचं ते सांगतात. उजवं पान आठवून सांगा, डावं तिथे वाचू नका. सासूची पापं सांगायची ती जागा नव्हे. फादर ऐकतात, प्रायश्चित्त देतात, पापमुक्तीची प्रार्थना म्हणतात. ऐकलेलं ते कोणालाही, कधीही सांगू शकत नाहीत, त्यांना तशी सक्त बंदी असते. लेंटच्या शेवटच्या दिवसांत रांगा लागतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यातच जा.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाआधी सगळे मिळून पापांगीकार करतात. ते चांगलंच आहे, पण शंभर आवाजांत आपला आवाज सहज लपतो. पाळकसाहेबांना आधी फोन करा, अर्धा तास मागा, आणि एकदा तरी एका माणसाला ऐकू जाईल असं बोला.

या आठवड्यात वाचायला तीन उतारे सांगते. लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला, पण धाकटा घरी आला की थांबू नका; अंगणात उभा राहून आत यायला नकार देणारा थोरला भाऊ शेवटपर्यंत वाचा. लेंटमध्ये चर्चला येणारे आपण बहुतेक थोरलेच असतो. मग उत्पत्ती ३२ आणि ३३. एसावाला फसवून पळालेला याकोब किती वर्षांनी परत येतो, आधी भेटी पाठवतो, आणि सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. तिसरा, उत्पत्ती ४२ ते ४५. योसेफ भावांना ओळखतो, तरी लगेच गळ्यात पडत नाही. ते बदललेत का, हे आधी पाहतो. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण क्षमा म्हणजे डोळे मिटून पुन्हा विश्वास टाकणं असं अनेकांना उगाच शिकवलेलं असतं.

तिसरा आणि चौथा आठवडा : जाणं

वहीतलं कोणतं नाव आधी घ्यायचं? सगळ्यात जड नको. आणि उजव्या पानावरचं घ्या, डाव्या नाही. डाव्या पानासाठी कोणाकडे गेलात की, कितीही गोड बोललात तरी समोरच्याला तुम्ही वसुलीला आल्यासारखेच वाटता.

वेदीवर दान ठेवताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असं येशूनं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे. "जावं" असं आहे तिथे. व्हॉट्सॲपवर फुलांचं चित्र आणि "कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा" हे जाणं नव्हे. तो मजकूर दीडशे जणांना गेलेला असतो, हे समोरच्यालाही कळतं. संक्रांतीला आपण तिळगूळ देतो, गोड बोला म्हणतो, ते छानच आहे. पण मागे कडू काय बोललो ते त्यात कुठेच येत नाही.

मी गेले ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका शनिवारी, सकाळी दहाला. फोन केला नव्हता. अशा वेळी लोक आधी फोन करा म्हणतात आणि बहुतेकांसाठी ते बरोबरच आहे. मी केला असता तर गेलेच नसते. भाऊ मागच्या गॅलरीत कूलर काढून बसला होता. जुन्या ताट्यांतला वाळा उपसून ढीग केला होता, नवा भरत होता. मला पाहून म्हणाला, "काहून आली, ताई?" मग लगेच, "उभी काहून राहिली, हे इकडून धर."

मी ताटीची चौकट धरली. ओल्या वाळ्याचा तो वास, आईच्या घरातल्या प्रत्येक उन्हाळ्याचा. तो जाळीतून तार ओवत होता, मी चौकट धरून होते, दोघांचेही डोळे ताटीवर. मी म्हणाले, "आईच्या मातीच्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर बोलले. पोरीसमोर बोलले. ते मी वाईट केलं." पुढे "पण" तोंडाशी आला होता. पण तूही दवाखान्यात. तो मी गिळला. आजवर इतकं अवघड काही गिळलेलं नाही.

त्यानं तार पिळली. "पक्कड दे," म्हणाला. मी दिली. दुसरी ताटी पूर्ण भरून झाली, मग म्हणाला, "पाणी पिशील? माठ काढला कालच."

बस. रडारड नाही, मिठी नाही. दवाखान्याचा विषय त्यानं त्या दिवशी काढला नाही आणि अजूनही काढलेला नाही. पण त्या ईस्टरला त्याच्या पोरीनं फोन केला, "आत्या, केक किती वाजता होतो तुझा?"

यातून तुम्हाला उपयोगी पडेल ते सांगते. हाताला काम असेल अशी वेळ शोधा : भाजी निवडणं, मळ्यातून आलेली संत्री निवडणं, वाळवण घालणं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलं की दोघं वकील होतात. बोलायचं ते तीन वाक्यांत बोला, घरून पाठ करून जा. "जर तुला वाईट वाटलं असेल तर" यातला "जर" काढा, वाईट वाटलंय म्हणूनच तुम्ही गेलात. "पण" नको. क्षमा मागून झाल्यावर "केलीस ना माफ?" असं विचारू नका. त्याला वेळ लागणार, तो त्याचा आहे. आणि जेवायच्या वेळेला जाऊ नका. घरातल्या बाईला स्वयंपाकाची धावपळ होते आणि सगळं बोलणं तिथेच विरतं.

एकट्यानं जमलं नाही तर मधला माणूस घ्यावा. मत्तय १८ मध्ये क्रमच दिला आहे : आधी तू आणि तो एकटे, नाही जमलं तर आणखी एक-दोघं, मग मंडळी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि त्या माणसाला शेवटी. मधला माणूस दोघांनाही जवळचा हवा, आणि कमी बोलणारा.

पैसा, घर आणि मारहाण

हे तीन विषय वेगळे काढले, कारण इथे भाबडेपणानं फार नुकसान होतं.

पैसे देणं असतील तर आधी पैसे, मग क्षमा. जक्कयानं येशूसमोर उभं राहून कोणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करीन म्हटलं. आपल्याला चौपट जमत नसेल, पण मुद्दल तरी पाकिटात घालून न्यावं. एकदम नसेल तर हप्ता सांगावा आणि पाळावा.

घराच्या वाटणीबद्दल, विशेषतः बहिणींनो, नीट वाचा. ऋण सोडणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "ताई, तू तर लेंट पाळतेस, मन मोठं कर" म्हणत कोणी हक्कसोडपत्र पुढे केलं तर सही करू नका. मन साफ ठेवून, भावाला जेवायला बोलावून, त्याच आठवड्यात वकिलाचा सल्लाही घेता येतो. यात पाप काही नाही. स्वखुशीनं सोडायचं असेल तर ईस्टर झाल्यावर, सवडीनं सोडा.

आणि नवरा मारतो, सासरी कोणी अंगावर हात टाकतं, दारू पिणाऱ्या कोणापासून पोरांना धोका असतो, तर हा लेख तुम्हाला त्या घरी परत जायला सांगत नाही. मनातलं ऋण तुम्ही दूर राहूनही, कधीतरी, तुमच्या वेळेनं सोडाल किंवा सोडणार नाही; त्याची घाई देवाला नाही. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. कोणी पाळक किंवा फादर "सहन कर, हाच तुझा क्रूस" म्हणाले तर दुसऱ्याकडे जा.

नकार आला तर

येतो. दार उघडलं जात नाही, किंवा उघडतं आणि चहा होतो पण काहीच बदलत नाही. समेटाला दोघं लागतात, त्यामुळे अर्धं काम तुमच्या हातात नाही.

मला अशा वेळी आपल्याच सदरमधली गोष्ट आठवते. २९ नोव्हेंबर १९७० ला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठं झाल्यावर, बिशप असावा की नसावा, अशा प्रश्नांवर ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या वेगळी बसत आली होती. एकत्र यायची बोलणी १९२९ ला सुरू झाली होती. ४१ वर्षं! बोलणी सुरू करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो दिवस पाहायला उरले नसतील. आणि इतकं होऊनही अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. म्हणून काय वैर झालं? आमच्या घरच्या मातीला मेथडिस्ट शेजारी खांदा द्यायला असतात, त्यांच्या ख्रिसमसला आम्ही असतो.

दुसरी गोष्ट टिळकांची. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्याआधी काही काळ आपल्या नागपुरात होते. १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. सोवळंओवळं घेऊनच आल्या. आधी एकमत, मग एका छपराखाली, असा हट्ट दोघांनी धरला असता तर ते घर पुन्हा उभं राहिलं नसतं. सासूशी न बोलणाऱ्या त्या सुनेला मला हेच सांगायचं होतं. कोण बरोबर होतं हे न ठरताही सकाळचा चहा एकत्र घेता येतो.

नकार आला तर वहीत तारीख लिहा, "गेलो होतो" लिहा, आणि त्या माणसासाठी रोज नाव घेऊन एक प्रार्थना करा. परत लगेच जाऊ नका. पेत्रानं किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं विचारल्यावर येशू सत्तर पट सात म्हणाला, ते क्षमा करण्याबद्दल होतं. दार वाजवण्याबद्दल नव्हतं.

माणूस वारला असेल तर कब्रस्तानात जा आणि तीच तीन वाक्यं तिथे मोठ्यानं बोला. मनातल्या मनात नको.

शेवटचा आठवडा

झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, जाणं-येणं उरकलेलं बरं. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी भावनेच्या भरात फोन करणारे पुष्कळ पाहिले. सोमवारी त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो, तो पाहायला जा. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होते. नागपूरचं तेव्हाचं ऊन ठाऊक आहे, पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा घ्या. पहिलाच उद्गार क्षमेचा आहे, लूक २३ मधला. तो वाचला जाईल तेव्हा डाव्या पानावरचं एक नाव मनात धरा. एकच. आणि दुकानदारासारखी रेघ मारा.

झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी आपण घरी क्रूसामागे खोचून ठेवतो. ती टाकायची नसते. पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी ती चर्चमध्ये परत न्यायची, त्या वाळलेल्या झावळ्या जाळूनच कपाळाची राख होते. मी माझी वही त्या झावळीच्या खालीच ठेवते, कपाटावर. फेब्रुवारीत झावळी काढायला हात वर केला की वही हाताला लागते, आणि त्यात रेघ न मारलेली दोन नावं अजून आहेत.